मॅन्युअलमधलं 'सिव्हिअर कंडिशन'चं पान आणि आपल्या नागपूरच्या गाड्या

नवी गाडी घेतली की सोबत एक जाडजूड मॅन्युअल येतं, ते आरसी आणि पीयूसीच्या खाली खणात जाऊन बसतं आणि मग गाडी विकतानाच बाहेर निघतं. त्यात मेंटेनन्सचा तक्ता असतो आणि त्याच्याच मागं कुठंतरी 'सिव्हिअर कंडिशन' नावाचं एक पान असतं. तिथं लिहिलेलं असतं की धूळ फार असेल, ऊन कडक असेल, रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटरचंच असेल, किंवा गाडी सिग्नल-सिग्नलला थांबत चालत असेल तर ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, बऱ्याच कंपन्या तर सरळ अर्ध्या अंतरावर बदला म्हणतात. आता मे महिन्यात दुपारी धरमपेठेतून बर्डीला गाडी नेणारा माणूस बघा, कुठं सिमेंट रोडचं खोदकाम, त्याची धूळ, वरून ४५ डिग्री, आणि एसी चार वर. सगळ्या अटी एकाच चकरेत पूर्ण! म्हणजे आपल्या गावात ते पान स्पेशल नाहीच, तेच मेन पान आहे, आणि सर्व्हिसवाला 'दहा हजारला या' म्हणतो तो तक्ता दुसऱ्याच कोणाच्या गावासाठी छापलेला आहे.

हे आधी सांगून राहिलो कारण 'आजकालच्या इंजिनात दम नाही' हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. अर्धं खरं आहे ते. आधी ११५-१२० पीएस ताकद काढायला दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन लागायचं, आता तेवढीच ताकद ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन देतं (टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंखा). म्हणजे छोट्या जागेत जास्त गरमी, जास्त प्रेशर, आणि ऑइल पाण्यासारखं पातळ. वरून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं तेव्हापासून सायलेन्सरच्या लाइनीत फिल्टर आणि सेन्सरांची रांग लागली. ही इंजिनं कच्ची नाहीत, पण यांना चूक खपत नाही. जुनं इंजिन काळं डांबर झालेल्या ऑइलवर पण वर्षभर ओढायचं, हे नाही ओढत.

तर सुरुवात ऑइलपासूनच करू, कारण खालच्या अर्ध्या कहाण्या तिथंच जाऊन मिळतात.

नव्या इंजिनात ऑइल फक्त घासाघीस कमी करत नाही. टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, व्हॉल्व्हचं टायमिंग मागं-पुढं करणारी व्हीव्हीटीची यंत्रणा ऑइलवर चालते, आणि टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तिघांची नळी एकच. म्हणून ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तिथं 'भाऊ, नागपूरची गरमी आहे, जाड ऑइल टाकून देतो' म्हणून कोणी २०डब्ल्यू-५० ओतत असेल तर हात धरा त्याचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते, नंतरचा आकडा म्हणजे १०० डिग्रीला किती जाड राहतं ते. बाहेर १५ असो की ४५, इंजिन एकदा तापलं की आतलं ऑइल त्या शंभरीच्या आसपासच फिरून राहिलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं ऊन बघून दोन-तीन पायऱ्या जाड ऑइल टाकण्यात काही हशील नाही. हां, मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड चालतील असं दिलं असेल, म्हणजे ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० पण, तर आपल्याकडे दुसरा घ्यायला हरकत नाही, मी तरी तोच घेईन.

आणि छोट्या चकरांचं नुकसान लोकांना दिसतच नाही. गाडी पाच किलोमीटर चालली आणि बंद झाली तर पाणी गरम होतं पण ऑइल पूर्ण तापत नाही, त्याला जास्त वेळ लागतो. मग सुरुवातीला जे जास्तीचं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि जी वाफ आत जमते, ती उडून जायला गरमीच मिळत नाही. जानेवारीत ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून साय आल्यासारखा पांढरट चिकटा दिसला तर बहुतेक वेळा तेच असतं, एकदा काटोल नाहीतर उमरेडपर्यंत जाऊन या, निघून जाईल. तेवढं करूनही परत परत येत असेल आणि कूलंटपण कमी होत असेल तर मात्र मामला हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलची पट्टी) असू शकतो. डिपस्टिक महिन्यातून दोनदा तरी ओढून बघा, प्लेन जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. लेव्हल कमी झाली तर लोक घाबरतात, पण लेव्हल वाढलेली दिसली तर त्याहून जास्त घाबरायला पाहिजे, कारण ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात बहुतेक वेळा इंधन मिसळून राहिलेलं असतं.

टायमिंग चेनबद्दल 'आयुष्यभर बघायची गरज नाही' असं शोरूममध्ये सांगतात. चेन तुटत नाही सहसा, पण ढिली होते. घाण ऑइलनं तिच्या पिना झिजतात, टेन्शनर नीट ताणत नाही, आणि मग सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड असा आवाज येतो आणि बंद होतो. तो आवाज ऐकून 'गरम झाली की ठीक होते' म्हणत वर्षभर चालवणारे लय आहेत. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत जे फियाटचं १.३ लिटर डिझेल होतं, ज्याला लोक राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, त्यात चेनच होती आणि ऑइलची हेळसांड झालेल्या गाड्यांत ती ढिली व्हायचीच. चेनऐवजी रबरी बेल्ट असेल तर ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, तो बदलायचा म्हणजे बदलायचा, तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतो आणि मग हेड खोलावंच लागतं. तिसरा प्रकार म्हणजे ऑइलमध्ये भिजून चालणारा बेल्ट, फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये तो होता. चुकीचं ऑइल किंवा इंधन मिसळलेलं ऑइल असलं की त्या बेल्टचे बारीक तुकडे पडतात, ते जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत बसतात आणि ऑइल प्रेशरच जातं. सेकंडहँड घेत असाल तर हा बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी नको.

आता उन्हाळा. नागपूरचा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा आहे, ४७.९ डिग्री. पण गाडीला इतक्या उन्हाचा नेमका त्रास काय होतो? इंजिनचं पाणी तर तसंही ९०-१०० च्या आसपास असतं. गोष्ट फरकाची आहे. रेडिएटर गरमी बाहेर टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ आणि हवा २५ असेल तर फरक ७०, हवा ४५ झाली की फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि गरमी फेकायची ताकद जवळपास तीस टक्के कमी. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोर बसतो, तो स्वतःची गरमी त्याच हवेत टाकतो. कंपनीनं हा सगळा हिशोब धरूनच गाडी बनवलेली असते, धडधाकट गाडी ४७ ला पण गरम होत नाही. होते ती ज्याच्यात आधीच काहीतरी कमी आहे. मे महिना फक्त उघडं पाडतो.

कमी काय असतं? पहिलं म्हणजे नळाचं नाहीतर बोअरचं पाणी. कूलरच्या खसावर एका सीझनमध्ये जो पांढरा खडा चढतो तो आपल्या प्रत्येक घरात बघितलाय, तेच पाणी रेडिएटरमध्ये 'थोडं कमी होतं म्हणून' ओतलं की तोच खडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि तिथं खस बदलण्याची सोय नाही. कूलंट म्हणजे फक्त थंडीत गोठू नये म्हणून टाकायची चीज नाही, त्यात गंज थांबवणारी रसायनं असतात, आणि अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण बंद झाकणाच्या प्रेशरखाली १२० च्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. साधं पाणी आणि ढिलं झाकण असेल तर शंभरलाच फुगे. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवं-लाल-निळं हे कंपन्यांचे स्वतःचे रंग आहेत, मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन बघा, आणि दोन प्रकार मिसळू नका. दुसरं, प्लॅस्टिक. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घर, वॉटर पंपाचं पातं, टाकी, नळ्यांचे जॉइंट हे सगळं आजकाल प्लॅस्टिकचं, सात-आठ वर्षं गरम-थंड झालं की तडकतं. थेंबथेंब गळतं, खाली डाग पण दिसत नाही कारण गरम इंजिनवर पडलेलं उडून जातं, फक्त एक गोडसर वास येतो आणि जॉइंटवर गुलाबी किंवा हिरवी पावडर जमते. तिसरं, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत अडकलेले किडे आणि माती. समोरून साफ दिसतं, मधात गादी तयार झालेली असते.

आणि तो थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा इलाज! अजूनही चालू आहे हा प्रकार, 'काढून टाकला, आता गाडी हीट घेणार नाही'. मग इंजिन कधीच पूर्ण तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंडच आहे म्हणून तो जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, कार्बन जमतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच. नवा थर्मोस्टॅट टाका, त्याहून स्वस्त दुरुस्ती सापडणार नाही.

काट्यावर पण पूर्ण भरोसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा सेट केलेला असतो की ७५-८० पासून ते १०५ पर्यंत तो मधातच उभा राहतो, म्हणजे तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. लाल लागला की 'चौकापर्यंत नेतो, तिथं गॅरेज आहे' हा विचार सोडा. एसी बंद, हीटर फुल (हो, मे महिन्यात, कारण हीटरपण एक छोटा रेडिएटरच आहे), बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. झाकण उघडायचं नाही, वरून गार पाणी मारायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड आहे ते, वाकतं. तेवढ्या एक-दोन किलोमीटरमध्ये हजार-दीड हजाराच्या पाइपचं काम हेड उतरवण्यावर जातं.

२०२४ च्या मे महिन्यात नागपूरच्या एका ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ डिग्री दाखवले होते, आठवत असेल. देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. गाडीतही असंच होतं आणि इथंच लोकांचे पैसे जातात. चेक इंजिन लागला, स्कॅनर लावला, कोड निघाला ऑक्सिजन सेन्सरचा, सेन्सर बदलला, आठ दिवसांनी दिवा परत! कोड हा निकाल नसतो, तक्रार असते. ऑक्सिजन सेन्सर 'मिश्रणात हवा जास्त आहे' सांगून राहिला तर कदाचित खरंच कुठंतरी रबरी नळी फाटली असेल, आणि तो बिचारा खरं बोलल्याबद्दल बदलला गेला. पार्ट घेण्याआधी मेकॅनिकला एकच विचारायचं, लाइव्ह डेटा (चालू इंजिनात सेन्सर दाखवतात ते आकडे) बघितला का? नुसता कोड वाचून पार्ट सांगत असेल तर दुसरीकडे दाखवा.

मिसिंगचं त्यातल्या त्यात सोपं आहे. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. आता प्रत्येक प्लगवर त्याला करंट देणारी वेगळी कॉइल असते, तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावायची आणि तीनची दोनवर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तिथंच राहिला तर प्लग किंवा पेट्रोल फवारणारं नोझल बघा. फुकटची टेस्ट आहे. वायरिंग पण बघून घ्या, आपल्याकडे पार्किंगमधल्या उंदरांना इंजिनची वायर लय आवडते. आणि चेक इंजिन स्थिर जळत असेल तर दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं, पण लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, तसंच हळू बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनीतला धूर साफ करणारा डबा) जाऊन तिथं जळतं आणि तो आतून वितळतो, आणि कन्व्हर्टरची किंमत ऐकली की माणूस खाली बसतो.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्या, ज्यांच्या मागं जीडीआय, टीजीडीआय किंवा टीएसआय लिहिलेलं असतं, त्यांचा एक खास आजार आहे. जुन्या पद्धतीत नोझल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी पेट्रोल मारायचं, म्हणजे प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह धुतला जायचा. आता पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला लागतच नाही. पण इंजिनच्या आतली ऑइलची वाफ इनटेकमधून परत जाळायला पाठवलेली असते, ती गरम व्हॉल्व्हच्या पाठीवर बसून भाजली जाते. हळूहळू काळा थर चढतो, सकाळी गाडी थरथरते, पिकअप कमी होतो. पंपावर जी क्लीनरची बाटली विकतात ती इथं काहीच करू शकत नाही, कारण टाकीतलं पेट्रोल त्या जागेवर जातच नाही, नोझल साफ करायला ती ठीक आहे. खरा इलाज म्हणजे मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुशाचा मारा करून व्हॉल्व्ह साफ करणं. टोयोटानं डी-४एस मध्ये दोन्ही जागी नोझल देऊन हा प्रश्नच मिटवला, पण तो खर्च सगळे करत नाहीत.

टर्बोला वाईट सवयी दोन. एक, समृद्धीवर तासभर १२० नं हाणायची आणि थांबलो की लगेच चावी बंद. छोटा टर्बो मिनिटाला लाख-दोन लाख फेरे फिरतो, लालबुंद तापतो, ऑइल थांबलं की जे आत उरलं ते जळून कोळसा होतो. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याची लाइन असते म्हणून आधीसारखं घाबरायचं कारण नाही, तरी शेवटचे एक-दोन किलोमीटर आरामात चालवा आणि अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवा. दुसरी सवय जास्त नागपुरी आहे: कामठी रोडच्या डबल डेकर फ्लायओव्हरवर पाचव्या गिअरमध्येच चढायचं, चाळीसच्या स्पीडला, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, ॲव्हरेज वाचतं म्हणून. कमी आरपीएम आणि जास्त लोड असला की टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये स्पार्कच्या आधीच कधीकधी स्फोट होतो, त्याचा हातोडा पिस्टनवर बसतो, रिंगांच्या मधली जागा तुटू शकते. यावर तेलवाल्यांनी पण काम केलं, २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी ग्रेडमध्ये या स्फोटापासून आणि चेनच्या झिजेपासून बचावाच्या टेस्ट आहेत. म्हणून डब्यावर एसपी बघा, आणि चढावर गिअर खाली घ्या.

डिझेलवाल्यांचं दुखणं डीपीएफ. काजळी पकडणारा फिल्टर आहे तो, आणि भरला की स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी आत साधारण ६०० डिग्री लागतात. मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं यात तेवढी गरमी येत नाही, साफसफाई सुरू होते आणि तुम्ही मधातच गाडी बंद करता. असं चार-पाच वेळा झालं की दिवा, मग लिंप मोड (गाडी ताकद तोडून रांगतच चालते), आणि साफसफाईसाठी जास्तीचं मारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळं. गाडी थांबवल्यावर फॅन जोरात चालू असेल आणि आयडल थोडा वर असेल तर समजा आत काम चालू आहे, पाच-दहा मिनिटं अजून चालवा. आठवड्यातून एकदा आउटर रिंग रोडवर वीस मिनिटं, खालच्या गिअरमध्ये आरपीएम दोन हजाराच्या वर ठेवून एकसारखी चालवली की बहुतेकांचं दुखणं संपतं. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर आणि तेही शहरातच असेल तर डिझेल घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्टर कापून आतून रिकामा करून देणारे आहेत, पण ते बेकायदेशीर आहे आणि गाडी मग बीएस-६ राहतच नाही.

ई२० वरून (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) तर आपल्याकडे घराघरात भांडणं आहेत, इथेनॉलचे सगळ्यात मोठे वकील आपल्याच गावचे खासदार नितीन गडकरी असल्यामुळे जरा जास्तच. थोडक्यात सांगायचं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांशच्या आसपास ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील ई२० धरून बनवलेले आहेत, जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि फ्युएल फिल्टरवर नजर ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका.

राहिलं पाणी, पण बाहेरचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी पाणी ओसरल्यावर माणूस पहिलं काम काय करतो तर स्टार्ट मारून बघतो, आणि तेच करायचं नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असलं तरी पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनात गेलेलं पाणी काढता येतं, वाकलेला रॉड सरळ होत नाही. बॅटरीचा मायनस काढा, टो करून न्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा, प्लग काढून इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढू द्या, ऑइल-फिल्टर बदला, मगच सेल्फ. पुरात स्टार्ट मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, आणि ते मधातच घेता येत नाही, पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करतानाच जोडावं लागतं. त्यातही पाण्यातून काढल्यावर परत परत सेल्फ मारला असं सर्व्हेअरला दिसलं तर क्लेम अडकतो, म्हणून बुडालेल्या जागेवरच गाडीचे फोटो काढा आणि हलवायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना फोन करा.